रात्रगस्तीच्या साहेबांना कुठली गाडी द्यावी – प्रकल्प नोंदी, नाशिक

१२ जुलै २०२५

आज विषय फायनल केला. तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी आहेत माझ्याकडे, एक मुलगा एक मुलगी, दोघं ऑटोमोबाईलचे, आणि दरवर्षीसारखं गो-कार्ट किंवा सोलर सायकल करायची नाही असं आधीच ठरलं होतं. पोलिसांच्या गस्तीवर देखरेख करणारे जे अधिकारी असतात, म्हणजे पोलीस ठाण्याचे पीआय (निरीक्षक), रात्रगस्तीचे एपीआय-पीएसआय (सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक), विभागाचे एसीपी (सहायक आयुक्त), त्यांना गाडी कुठली योग्य, हे मोजून मापून बघायचं.

विषय सुचला तो मामामुळे. माझा मामा तीस वर्षं पोलिसात ड्रायव्हर होता, हवालदार म्हणून रिटायर झाला, आता सिडकोत राहतो. परवा त्याच्याकडे गेले तर खाली वाकून चप्पल घालता येत नव्हती त्याला. मी म्हटलं मामा कमरेचं दाखवा ना कुणाला तरी, तर म्हणाला दाखवून झालंय पोरी, हे जिप्सीचं आणि सुमोचं देणं आहे. मग तासभर गाड्यांवरच बोलत बसला. कुठल्या गाडीत साहेब झोपेला आला तरी मान पडत नव्हती, कुठल्या गाडीत पावसाळ्यात पायावर पाणी यायचं, सगळं पाठ. आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती मी तिथेच फोनमध्ये टाईप करून घेतली: "गाडी घेताना सगळे इंजिन बघतात, साहेबाच्या सीटवर बसून कुणी बघत नाही."

प्रकल्प तिथूनच सुरू.

१५ जुलै

आधी कामाची व्याख्या. पोरांना वाटत होतं पोलीस गाडी म्हणजे पाठलाग. मामाला कॉलेजवर बोलावलं, त्याने तो गैरसमज दहा मिनिटांत काढला. पाठलाग करायचा असेल तर बीट मार्शलची, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालणाऱ्या शिपायाची बाईक पुढे असते, ठाण्याची मोबाईल, म्हणजे गस्तीची गाडी असते. ११२ ला कॉल आला तर त्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे त्या टॅबलेटसारख्या स्क्रीनवर, कॉल पडतो आणि तीच गाडी आधी पोचते. देखरेखीचा अधिकारी काय करतो? नाकाबंदीला जाऊन उभा राहतो, चौक्या चेक करतो, बीटवरची पोरं जागेवर आहेत का बघतो, मोठं काही झालं तर तिथे जाऊन निर्णय घेतो, वायरलेसवर बोलतो, फोनवर बोलतो, लिहितो. आणि वाट बघतो. भरपूर वाट बघतो.

थोडक्यात गाडी म्हणजे त्याचं ऑफिस. चाकावरचं ऑफिस, ज्यातून रात्रभर चढउतार करायची.

गाड्यांची यादी आज फळ्यावर लिहिली: बोलेरो, बोलेरो निओ, स्कॉर्पिओ-एन, अर्टिगा, इनोव्हा क्रिस्टा, आणि पोरगी हट्टाने म्हणाली इलेक्ट्रिक एक पाहिजेच, म्हणून नेक्सॉन ईव्ही. बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओचं नाव घेतलं की नाशिककराला जरा बरं वाटतंच, सातपूरच्या कारखान्यात बनलेल्या गाड्या, आमच्या कॉलेजची कितीतरी मुलं तिथे ट्रेनी म्हणून गेलीत. पण मोजमापात आपलेपणा आणायचा नाही असं सांगून ठेवलंय.

२१ जुलै

पोलिसांच्या मोटार परिवहन विभागातल्या एका साहेबांची भेट झाली, मामाच्या जुन्या ओळखीतून. परवानगीच्या मर्यादा त्यांनी नीट सांगितल्या: ड्युटीवरच्या गाडीत बसायचं नाही, कुठल्या ठाण्याचा नंबर लिहायचा नाही, पण ड्रायव्हर लोकांशी बोला, उभ्या गाड्या मोजा, आणि शेवटी जे काय निघेल त्याची एक प्रत द्या. म्हणाले सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधी गाड्यांचा विषय निघणारच आहे. खरंच आहे, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. आपल्याकडे गाड्यांचे पैसे जिल्हा नियोजन समितीतून येवोत नाहीतर शासनाकडून, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर टेंडरची कागदं फिरायलाच महिने जातात.

जुन्या गाड्यांचंही विचारलं. सरकारी गाडी १५ वर्षांची झाली की १ एप्रिल २०२३ पासून तिचं रजिस्ट्रेशन पुढे वाढत नाही. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती आणि खास गाड्यांना सूट आहे, पण साधी गस्तीची जीप काही त्या सुटीत बसत नाही. तेव्हा निर्लेखन होणार, म्हणजे गाडी मोडीत निघणार आणि नवीन घ्यावी लागणार. आज चुकीची निवडली तर ती पुढची पंधरा वर्षं लोकांच्या कमरेत राहणार.

२७ जुलै

टिकमार्क शीट छापून चार ड्रायव्हरांना दिली. फक्त चार रकाने: दार किती वेळा उघडलं, इंजिन चालू ठेवून गाडी किती वेळ उभी, किती किलोमीटर, आणि शेरा. पावसाळा असल्याने पोरीने शीट प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून दिली, पेन्सिलीसकट. शहाणी आहे.

५ ऑगस्ट

चारपैकी तीन शीट परत आल्या, चौथी भिजली. तीन गाड्यांच्या मिळून अकरा रात्री. यावरून शहराचा निष्कर्ष काढायचा नाही हे मला कळतं, पण आमच्यासाठी डोळे उघडणारं होतं. एका रात्रीत साहेबांच्या बाजूचं दार सगळ्यात जास्त ४३ वेळा उघडलं, कमीत कमी २६. किलोमीटर बहुतेक रात्री ६० ते ७० च्या मध्ये. आणि इंजिन चालू ठेवून गाडी उभी राहिलेला वेळ जवळपास चार तास. बारा तासांच्या ड्युटीतले चार!

म्हणजे ड्युटीचा जवळपास एक तृतीयांश वेळ गाडी एका जागी घरघरत असते. ब्रोशरमध्ये या आकड्यासाठी रकानाच नाही.

शेऱ्यात एकाने लिहिलं होतं: "साहेब उतरताना काठी दारात अडकते. दर वेळेस." हे एक वाक्य मी भिंतीवर चिकटवलंय.

९ ऑगस्ट

दाराचा दिवस. कॉलेजच्या आवारात बोलेरो, निओ आणि अर्टिगा तिन्ही शेजारी उभ्या केल्या (पहिल्या दोन ओळखीच्यांच्या, अर्टिगा आमच्या एका सरांची). मामाला युनिफॉर्मसारखा जाड पट्टा बांधला, पट्ट्याला एका बाजूला वॉकीटॉकी, दुसऱ्या बाजूला पिस्तुलाच्या होल्स्टरऐवजी तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा, हातात काठी, आणि पोरग्याने स्टॉपवॉच घेऊन वीस वेळा चढ उतर करायला लावलं. कमर बघता दहाच करू म्हटलं तर मामा ऐकेना.

अर्टिगात आपण खाली बसतो. बसायला छान, मऊ, पण उठताना गुडघ्यावर जोर येतो आणि पट्ट्यावरचा ठोकळा सीटच्या कडेला घासतो. बोलेरोत चढावं लागतं, पण एकदा पाय टेकला की माणूस सरळ आत जातो, पाठ ताठ राहते आणि समोरच्या काचेतून रस्ता पूर्ण दिसतो. निओ याच्या मधली. मामा म्हणाला उतरायला निओ बेस्ट, बसून राहायला पण निओ बेस्ट, मागची सस्पेन्शन कॉइल स्प्रिंगवर आहे म्हणून, बोलेरोला अजून मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि खड्ड्यात ते पाटे आधी मणक्याला कळतात. आणि हे नाशिकच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर, द्वारका चौकापासून ते पाथर्डी फाट्यापर्यंत कुणालाही विचारा.

मग पोरीची पाळी. तिची उंची पाच फूट एक इंच. आमच्या सगळ्या चर्चेत साहेब म्हणजे पुरुषच असं आम्ही धरून चाललो होतो, मीसुद्धा, आणि ती बसली तेव्हा ते लक्षात आलं. बोलेरोत चढताना तिला वर हँडल पकडून अंग खेचावं लागलं, एका हातात काठी एका हातात फाईल असताना ते जमेना. आता शहरात महिला पीएसआय, एपीआय किती तरी आहेत, रात्रगस्तही करतात. फूटस्टेप ही ॲक्सेसरी समजून सोडून द्यायची गोष्ट नाहीये, स्पेसिफिकेशनमध्येच लिहायला हवी. आज अहवालातली पहिली पक्की ओळ मिळाली ती ही.

१६ ऑगस्ट

करंट मोजला. क्लॅम्प मीटर लावून एका बाहेरच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगला आलेल्या गाडीवर. लाईटबार, म्हणजे टपावरचा दिव्यांचा पट्टा, पूर्ण मोडवर साधारण ६ अँपिअर, वायरलेस सेट नुसता चालू असताना १ च्या आसपास आणि बोलायला बटण दाबलं की उडी मारून वर जातो, स्क्रीन आणि मोबाईल चार्जर मिळून २. म्हणजे ९ धरा. बॅटरी ६० अँपिअर-तासाची धरली आणि स्टार्टरसाठी निम्मी राखून ठेवायची म्हटली तर इंजिन बंद करून तीन तास आणि थोडं. नवीन बॅटरीचं हे गणित. दोन वर्षं जुनी, रोज ताण सोसलेली बॅटरी तेवढं देत नाही.

मामाने यावर एक प्रसंग सांगितला. बऱ्याच वर्षांपूर्वी नाकाबंदी होती, डिझेल कोट्यावरून तंबी मिळालेली म्हणून त्याने इंजिन बंद ठेवलं, वरचा दिवा मात्र चालू ठेवावाच लागतो. पहाटे चारला वायरलेसवर कॉल आला, किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. साहेब आणि दोन शिपाई खाली उतरून गाडीला धक्का मारायला लागले, आणि बॅरिकेडवर थांबवलेले ट्रकवाले बघत होते. मामा सांगताना अजूनही मान खाली घालतो. त्यात त्याची काय चूक? डिझेल वाचव म्हणून सांगायचं, दिवा चालू ठेव म्हणून सांगायचं, आणि बॅटरी मात्र घरगुती गाडीची द्यायची.

उपाय महाग नाही. वेगळी दुसरी बॅटरी, मध्ये रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), म्हणजे दिवा-वायरलेस-स्क्रीन सगळं दुसऱ्या बॅटरीवर आणि स्टार्टरची बॅटरी कायम शाबूत. गाडी उभी असताना लाईटबार कमी उजेडाच्या मोडवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायरिंग गाडी ताब्यात घेतानाच झालं पाहिजे, नंतर कुणीतरी वायर सोलून फ्यूज बॉक्सला गुंडाळायची नाही. त्याच वर्कशॉपमध्ये एका गाडीच्या टपाला लाईटबारसाठी भोकं पाडलेली आणि वरून नुसतं सिलिकॉन थापलेलं होतं. आत दिव्याच्या कव्हरमध्ये पाणी, तिथून थेंब थेंब डाव्या सीटवर. डॅशबोर्डवर लॉगबुक होतं, उघडलं तर पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरून नकाशासारखी झालेली, आणि त्या चिकटलेल्या पानांच्या वर कुणीतरी नवीन पान सरळ रेघ मारून, वेळ, किलोमीटर रीडिंग, सही, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. मी बराच वेळ ते पान बघत उभी राहिले.

१७ ऑगस्ट

कालचंच, राहिलेलं. त्या गाडीत स्क्रीनचा स्टँड डाव्या एअरबॅगच्या झाकणावर स्क्रूने बसवलेला होता. धडक झाली आणि एअरबॅग फुटली तर ती स्क्रीन सरळ साहेबांच्या तोंडावर. पोराच्या हे लक्षात आलं, माझ्या नाही. सीट कव्हरचंही तसंच, ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग सीटमध्ये असतात तिथे घट्ट रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं की ती बॅग फाडून बाहेर कशी येणार? दोन्ही गोष्टी अहवालात, ठळक अक्षरात.

२४ ऑगस्ट

जुन्या नाशकात टेप घेऊन फिरलो. दूध बाजार, भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, मग पूल ओलांडून पंचवटीत. सकाळी लवकर गेलो तरी दोन्ही बाजूंना बाईक लागलेल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी मधे उरलेली जागा दोन मीटरच्या जरा इकडे तिकडे.

आता रुंदी बघा. बोलेरो १७४५ मिमी, अर्टिगा १७३५, निओ १७९५, नेक्सॉन ईव्ही १८०२, इनोव्हा क्रिस्टा १८३०, स्कॉर्पिओ-एन १९१७. आणि यात आरसे धरलेले नाहीत! स्कॉर्पिओ-एन लांबीलाही ४६६२, क्रिस्टा ४७३५. ही गाडी गल्लीत घातली तर आरसे मिटून जाईलही, पण दार कुठे उघडणार? साहेब उतरणार कसे? ४३ वेळा उघडणारं दार आहे ते.

एक चहावाले काका म्हणाले, मॅडम पोलिसांची मोठी गाडी इथे येतच नाही, बाहेर तोंडावर उभी राहते आणि साहेब चालत येतात. मला वाटलं होतं ही तक्रार आहे, पण ते कौतुकाने सांगत होते, साहेब चालत येतात म्हणून दुकानदारांशी बोलणं होतं. हे मी आधी धरलंच नव्हतं.

३० ऑगस्ट

डिझेलच्या धुराड्यातल्या फिल्टरचा विषय. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या डिझेल गाडीला डीपीएफ नावाचा हा फिल्टर असतो, काजळी अडवतो, आणि ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ सलग चांगल्या वेगात चालावी लागते, एक्झॉस्ट तापावा लागतो. गस्तीची गाडी नेमकं उलटं करते, तीसच्या स्पीडने रेंगाळते आणि चार तास उभी राहते. मग दिवा लागतो, ड्रायव्हर घाबरून इंजिन बंद करतो, मधेच थांबलेली सफाई अर्धवट राहते, असं दोनचार वेळा झालं की गाडी वर्कशॉपला. ड्रायव्हरांशी बोललो तर दिवा कसला हे चौघांपैकी एकालाच माहीत होतं, आणि त्यालाही त्याच्या मुलाने यूट्यूबवर दाखवलं म्हणून. त्यांना कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

आठवड्यातून एकदा ओझरपर्यंत हायवेने जाऊन यायचं, लॉगबुकात त्यासाठी वेगळी मान्य नोंद. एवढंच. पण त्या डिझेलचा हिशोब ड्रायव्हरच्या खिशाला लागता कामा नये.

७ सप्टेंबर

काल विसर्जन मिरवणूक. प्रकल्पाचं म्हणून गेले नव्हते, घरच्यांबरोबर मेन रोडला उभी होते, पण डोळे गाड्यांवरच. वाकडी बारवपासून मिरवणूक निघते ती दूध बाजार, मेन रोड, रविवार कारंजा करत पंचवटीकडे जाते आणि त्या सगळ्या वेळात अधिकाऱ्याची गाडी कुठे असते तर कुठेच नाही, म्हणजे लांब आडोशाला उभी. माणूस पायी. गाडीचा उपयोग तेव्हा एकच, पाणी, मेगाफोन, प्रथमोपचार पेटी, दोऱ्या, जास्तीच्या बॅटऱ्या ठेवायला जागा आणि ड्रायव्हर सेटवर बसलेला.

रात्री मामाला फोन केला तर तो २००३ बद्दल बोलायला लागला, स्वतःहून. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातलं शाही स्नान, सरदार चौकाकडच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. मामा बंदोबस्तात होता, दुसऱ्या टोकाला. म्हणाला त्या उतारावर कुठलीही गाडी आणून दिली असती तरी काही उपयोग नव्हता, तिथे लागला असता तो वर उंचावर उभा असलेला, सगळं दिसणारा आणि सगळ्यांना ऐकू जाणारा माणूस. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही.

अहवालात गर्दीच्या बंदोबस्ताचं वेगळं पान करायचं. तिथे गाडीचं मोजमाप म्हणजे आवाज किती लांब जातो, टपावर उभं राहता येतं का, आणि सामान किती मावतं.

१३ सप्टेंबर

पोरांनी अमेरिकेचं वाचून काढलं. तिथे वर्षानुवर्षं फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया ही सेडान पोलिसांची गाडी होती, २०११ मध्ये ती बनायची बंद झाली आणि मग एसयूव्हीचं राज्य आलं, फोर्डची पोलीस इंटरसेप्टर युटिलिटी, शेवरोलेची टाहो. गस्तीवरच्या सार्जंटला बऱ्याच ठिकाणी टाहोसारखी मोठी गाडी देतात कारण मागे नकाशे, रेडिओ, ढाली असं कमांडचं सामान लागतं. त्यांचे रस्ते, त्यांचं पेट्रोल, त्यातलं आपल्याला काय घेता येईल? एक गोष्ट नक्की. मिशिगन राज्याचे पोलीस दरवर्षी पोलीस गाड्यांची चाचणी घेऊन निकाल जाहीर करतात आणि त्यात वेग, ब्रेक यांच्याबरोबर बसण्या-उतरण्याची सोय आणि रेडिओ बसवायची सोय यालाही मार्क असतात. मामाचं म्हणणं तिकडे कुणीतरी आधीच कागदावर आणलंय. त्याला सांगितलं तर खूश झाला.

२४ सप्टेंबर

परवापासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत आली, त्यावरच्या मोठ्या गाड्या ४० मध्ये. बोलेरो आणि निओ दोन्ही ३९९५ मिमी, म्हणून दोन्ही १८ मध्ये. अर्टिगा लांबीमुळे ४० मध्येच. किमतीचा तक्ता पूर्ण नव्याने केला, पोरं वैतागली पण करून दिला.

अर्टिगा इथेच यादीतून काढली. सीएनजी घेतली तर मागे टाकी येते आणि सामानाची जागा जाते, शिवाय नाशिकमधल्या सीएनजी पंपावरच्या रांगा ज्याला माहीत आहेत तो ड्युटीची गाडी त्या रांगेत लावणार नाही. क्रिस्टा पण काढली. आरामात तिच्यासारखी दुसरी नाही, पण साहेब मागच्या सीटवर बसून फिरणार असतील तर. रात्रगस्तीचा अधिकारी पुढे बसतो.

माझ्या मनात निओ जवळपास पक्की होती. शंभर हॉर्सपॉवर, लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखा मजबूत सांगाडा), मागच्या चाकांना जोर, टायरही बोलेरोच्याच मापाचे, २१५/७५ आर १५, म्हणजे स्टोअरला नवीन काही ठेवायला नको.

२ ऑक्टोबर

पोरीने सुरक्षेचे निकाल समोर ठेवले. निओला ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून पाच स्टारपैकी गुण देणाऱ्या संस्थेच्या, २०२४ च्या चाचणीत एक स्टार. एकच. मी दोनदा बघितलं. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच. नेक्सॉन ईव्हीला भारत एनकॅपमध्ये पाच.

दिवसभर चर्चा झाली आणि थोडा वादही. पोराचं म्हणणं शहरात स्पीड असतोच किती, भद्रकालीत कोण चाचणीसारखं ताशी ६४ ने धडकणार. बरोबर आहे. पण आडगाव, अंबड, नाशिकरोडचा अधिकारी रात्री दोनला हायवेवर असतो, कंटेनरच्या मधून जातो, अपघाताच्या ठिकाणी गाडी कडेला लावून उभा असतो आणि मागून येणारा झोपेत असू शकतो. तिथे मी एक स्टारच्या गाडीची शिफारस लिहून खाली सही कशी करू? ज्यांची मोजमापं आम्ही घेतली ती खरी माणसं आहेत, एकाच्या मुलीला आम्ही पेढे घेऊन भेटलोय दहावीला.

आणि अजून एक, मागच्या आडव्या सीट. बोलेरो, निओ दोन्हीत मागे समोरासमोर बसायच्या छोट्या सीट असतात. तिथे शिपाई बसवून हायवेला जायचं नाही. त्या सीट काढून सामानाचे कप्पे करा.

११ ऑक्टोबर

इलेक्ट्रिकचा हिशोब मी मुद्दाम शेवटी ठेवला होता कारण माझा विश्वास नव्हता. आज केला. उभी असताना डिझेल गाडी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते, चार तासांचे तीन लिटर, महिन्याचे नव्वद, एकही किलोमीटर न जाता. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना लाईटबार आणि सेटला साधारण शंभर वॅट, एसी लावला तर दीडेक किलोवॅट. चार तास एसीसकट ६ ते ७ युनिट. वर ७० किलोमीटरचे १० ते ११ युनिट. रात्रीचे सगळे मिळून अठराच्या आत, आणि मोठी बॅटरी ४५ युनिटची. ७.२ किलोवॅटचा चार्जर ठाण्यात असेल तर तीन तासांत रात्रीचं सगळं भरून निघतं.

डीपीएफ नाही. धक्का मारायची वेळ नाही, मोठी बॅटरी लहान बॅटरीला भरत राहते. आवाज नाही, म्हणजे वायरलेस नीट ऐकू येतो. मामा कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्यात अर्धा तास नुसता बसून राहिला, काच खाली करून. म्हणाला, "रात्री पायाखाली थरथर नसेल तर माणूस सकाळी माणसात राहील."

अडचणी आहेत. मागची डिकी लहान, कोन आणि ढाली एकत्र मावत नाहीत. गाडी सकाळ-संध्याकाळ हात बदलते, चार्जिंगला लावायची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवलं नाही तर एक दिवस ती रिकामी सापडणार. पुराच्या दिवसात गोदाघाटाकडे पाण्यात कुठलीच गाडी घालायची नाही, ही तर नाहीच. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गाडी मागेच ठेवायची, डिझेल असो की वीज.

१९ ऑक्टोबर

मसुदा झाला. एकच गाडी सगळ्यांना असं लिहायचं नाही यावर तिघांचं एकमत. गाडी रँक बघून ठरवू नये, रात्र कशी जाते ते बघून ठरवावी. जुनं नाशिक, पंचवटी, कॉलेजरोड-गंगापूररोड असा आतला भाग असलेल्या ठाण्यांना चार मीटरच्या आतली पाच स्टारची इलेक्ट्रिक, आधी दोनच गाड्या, एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा चालवून. हायवेच्या कडेच्या ठाण्यांना स्कॉर्पिओ-एन, फूटस्टेपसकट, गल्लीसाठी नाहीच असं स्पष्ट लिहून. बोलेरो आहेत त्या राहू देत, ठाण्याची मोबाईल म्हणून ती अजून उत्तम गाडी आहे, ६० लिटरची टाकी, १८० मिमी खालची मोकळी जागा, आणि दुरुस्ती कुठल्याही गॅरेजला होते. निओचं पान तसंच ठेवलं, गुणांसकट आणि त्या एका स्टारसकट, साहेबांनी वाचून ठरवावं.

या महिन्यात बोलेरो आणि निओ दोन्ही नव्या रूपात आल्यात, नवीन सीट, सस्पेन्शनमध्ये बदल. म्हणजे दार आणि सीटचं मोजमाप परत. दिवाळीनंतर.

३ नोव्हेंबर

प्रत दिली. मोटार परिवहनच्या साहेबांनी आधी किमतीचा तक्ता उघडला, मग मागे जाऊन दाराचं पान वाचलं, मग उठून बाहेर अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेले आणि स्वतः डाव्या सीटवर बसून काठी घेऊन उतरून बघितलं. काठी दारात अडकली. दुसऱ्यांदा पण अडकली. ड्रायव्हरला म्हणाले दाराच्या आतल्या बाजूला काठीसाठी क्लिप बसवता येईल का बघ. तो म्हणाला येईल साहेब, दोन स्क्रूचं काम आहे.

पोरं उद्या वर्कशॉपमध्ये क्लिपचा नमुना करतायत, दीड इंची पट्टी वाकवून, आतून रबर लावून. काठीचा व्यास घ्यायचा राहिलाय, मामाकडून आणायची.